डॅश आय, दोनदा

"जरा सरकता का? तुमची सावली पडतेय."

आवाज फरशीवरून आला. ती इतकी दचकली की हातातली टेप सुटली आणि सर्रकन आपल्या डबीत जाऊन बसली. खोली रिकामी आहे असं समजून ती खिडकीची रुंदी मोजत उभी होती... दुसऱ्यांदा. आणि तिच्यापासून चार पावलांवर एक माणूस पालथा पडला होता. गाल फरशीला टेकलेला, एक डोळा मिटलेला, आणि नाकासमोर प्रकाश मोजायचा तळहाताएवढा काळा मीटर.

"अगं बाई! मला वाटलं, तुम्हाला चक्कर आली."

"चक्कर नाही, वाचतोय. वाकून वाचलं तर माझीच सावली मीटरवर पडते. म्हणून झोपून वाचतो." मग मिटलेला डोळा उघडून तो म्हणाला, "तुम्ही सरकलात तर."

ती सरकली.

"आणखी थोडं. आणखी... बास. आता छान दिसतंय."

"काय?"

"आकडा," तो म्हणाला. पण बघत होता तिच्याकडे.

तिने घाईघाईने टेप पुन्हा बाहेर ओढली. तिसऱ्यांदा मोजायचं काही कारण नव्हतं, पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"बालसंगोपनाची खोली ना ही?" ती खिडकीलाच विचारावं तसं म्हणाली. "मग टेबलाच्या उंचीवर का नाही मोजत? सगळे तसंच मोजतात."

"टेबलावर बाळं नसतात हो. बाळं इथे असतात." त्याने फरशीवर टिचकी मारली. "रांगणारी, लोळणारी, पाय चोखणारी."

आता मात्र तिने वळून नीट पाहिलं. हेच वाक्य ती गेला आठवडाभर ऑफिसात सांगत होती आणि भिंतीशी बोलल्यासारखं होत होतं. इथे एक अनोळखी माणूस शर्टाला धूळ लागल्याची पर्वा न करता बाळांच्या उंचीवर जाऊन पडला होता.

गोष्ट अशी होती. सात मजल्यांच्या त्या कचेऱ्यांच्या इमारतीत तळमजल्यावरची ही कोपऱ्यातली खोली मालक पाळणाघराला द्यायला तयार झाला होता, पण एका अटीवर. दिवे न लावता, दिवसाच्या उजेडात, फरशीवर निदान तीनशे लक्स प्रकाश पडला पाहिजे. पडला तर पाळणाघर, नाही तर जुन्या फायलींचं गोदाम. मीटर एका दिवसाचं सांगतो, म्हणून निर्णय संगणकाच्या आकडेमोडीवर व्हायचा होता, आणि ती आकडेमोड तिच्याकडे होती. प्रत्यक्ष मोजणी दुसऱ्या कंपनीकडे होती, म्हणजे या पालथ्या पडलेल्या गृहस्थाकडे.

आणि याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तिची ताई नोकरीला होती. बाळंतपणाची रजा एक तारखेला संपत होती. आठ महिन्यांच्या ढब्बूचं नाव पाळणाघराच्या यादीत पहिलं होतं. पाळणाघर झालं नाही तर ताई राजीनामा देणार होती. दुसरा इलाजच नव्हता. आई-बाबा दूर, भावजींची नोकरी फिरतीची.

ऑफिसातल्या मोठ्या बाईंना तिने हे आधीच सांगून टाकलं होतं. "बाई, माझ्या बहिणीचा मुलगा तिथे जाणार आहे. हे काम दुसऱ्या कुणाला द्या." बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या होत्या, "म्हणून तर तुला देतेय, दुबार. तू दोनदा तपासशील."

दुबार हे तिचं ऑफिसातलं नाव. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायची, गॅस बंद केला की जिन्यावरून परत यायची, पत्राखाली तारीख लिहिली की कॅलेंडर बघून पुन्हा वाचायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हिचं तर दुधाने कधी पोळलंही नव्हतं, तरी ही पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

"तुम्ही आकडेमोडवाल्या का?" तो उठून बसत म्हणाला. "मग आज तुमचीच गरज आहे मला. माझा जोडीदार तापाने आडवा आहे आणि हे काम एकट्याचं नाही."

"म्हणजे?"

"एक मीटर आत, एक गच्चीवर. दोन्हीकडे एकाच क्षणी वाचायचं. आणि आभाळ पूर्ण झाकलेलं हवं. ऊन असेल तर सगळे आकडे नाचतात."

तिने बाहेर पाहिलं. लख्ख ऊन होतं.

"मग आता?"

"आता ढगांची वाट बघायची," तो म्हणाला. "चहा घ्याल?"

*

ढग आले ते अडीच तासांनी. तेवढ्यात चार कप चहा झाला आणि तिच्याकडून कधी नव्हे ते पुष्कळ बोलणं झालं. तिच्या कामाबद्दल तिला कुणी विचारत नसे. विचारलं तरी उत्तर ऐकेपर्यंत थांबत नसे. हा थांबला. खिडकीच्या कट्ट्यावर दोघांच्या मधोमध तिचा लॅपटॉप होता, आणि पडद्यावर काळी चौकट.

"यात चित्र कुठंय?" त्याने विचारलं.

"चित्र नाही. बटणंही नाहीत. एक ओळ टाइप करायची. आधी प्रोग्रामचं नाव, मग पुढे एकेक डॅश आणि त्याला चिकटून एकदोन अक्षरं. त्यांना पर्याय म्हणतात. काय हवं, किती हवं, ते त्यातून सांगायचं. प्रोग्राम मग एकेक किरण सोडून बघतो."

"हे काय? डॅश एबी पाच?"

"प्रकाश किती वेळा उडी मारतो ते. खिडकीतून आला, फरशीवर आपटला, तिथून छताला, छतावरून भिंतीला... पाच उड्या मोजायच्या."

"आणि शून्य दिलं तर?"

"मग जिथून आभाळ थेट दिसतं तेवढीच जागा उजळते. बाकी सगळा काळोख. खोली खोलीसारखी दिसतच नाही."

त्याने खोलीभर नजर फिरवली. "म्हणजे खोलीत उजेड असतो तो बराचसा एकाने दुसऱ्याला दिलेलाच असतो."

ती हसली. "असं कुणी म्हणत नाही हो आमच्यात. पण... असतो खरा."

"आणि हे एव्ही?"

"तो खोटा उजेड. प्रकाश पोचला नाही तिथे आपल्या पदरचा थोडा घालायचा. घाईच्या कामात वापरतात. मी शून्यच ठेवते."

"म्हणजे लबाडीची अधिकृत सोय!"

"लबाडी नाही, अंदाज," ती फणकाऱ्याने म्हणाली. मग हळूच, "पण लबाडीही करता येते."

"आणि हा शेवटचा? डॅश आय? कुणाची आय काढलीत एवढ्या सरळ ओळीत?"

तिला इतकं हसू आलं की चहा कपातून बशीत आणि बशीतून ओढणीवर आला. त्याने खिशातून रुमाल काढला, पुढे केला, मग आपण फार पुढे गेलो की काय असं वाटून अर्ध्यातच थांबवला... रुमाल दोघांच्या मध्ये तसाच लोंबत राहिला. तिनेच तो घेतला.

"तो सगळ्यात महत्त्वाचा," ओढणी टिपत ती म्हणाली. "तो दिला की त्या जागेवर किती प्रकाश *पडतो* ते कळतं. नाही दिला तर त्या जागेवरून वर बघितलं की काय *दिसतं* तेवढंच. दोन्ही आकडेच, पण दोन वेगळ्या गोष्टी."

"पडतो आणि दिसतं," त्याने घोकल्यासारखं म्हटलं. "बरं. लक्षात ठेवतो."

मग आभाळ राखाडी झालं आणि ती गच्चीवर पळाली. कानाला फोन, हातात दुसरा मीटर, वारा ओढणीला सोडत नव्हता.

"तयार?" फोनमध्ये तो.

"तयार."

"आता!"

"दहा हजार दोनशे!"

"इकडे चारशे दहा. पुढचा ठिपका. थांबा, मला सरपटत जायला वेळ लागतो... आता!"

"दहा हजार शंभर!"

"तुमचा आवाज वरूनही येतोय आणि फोनमधूनही. दोनदा ऐकू येतंय."

"मग फोन ठेवू?"

"नको, नको," तो घाईने म्हणाला. "असू दे. दोनदा बरं वाटतं."

फरशीवर खडूने केलेले बाराही ठिपके झाले. बाराव्यानंतर मोजायचं काही उरलं नव्हतं, तरी पाच मिनिटं फोन चालूच होता. त्या पाच मिनिटांत दोघांपैकी कुणीही एकही आकडा उच्चारला नाही.

*

मंगळवारी सकाळी तिने आदला दिवस, तीच वेळ, तसंच झाकलेलं आभाळ धरून आकडेमोड लावली. पडद्यावर आकडे उतरले. त्याच्या मीटरवर चारशे दहा होतं तिथे एकसष्ट. तीनशे ऐंशीच्या जागी अठ्ठावन्न.



तिने सगळं पुन्हा तपासलं. खिडकीची मापं, भिंतीचा रंग, काच, फरशी. ओळ पुन्हा चालवली. एकसष्ट. दुपारी जेवायचं सोडून पुन्हा चालवली. एकसष्ट. इतकी पक्की चूक असते का कुठे? चूक असती तर आकडा हलला असता. म्हणजे मीटर...

तिने फोन लावला. "तुम्ही आत नीट वाचलं होतं ना?"

"म्हणजे काय? पोटावर झोपून वाचलं. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"मग मीटर बिघडलाय तुमचा. गच्चीवरचे आकडे मी स्वतः वाचलेत, ते बरोबर आहेत. आतला मीटर जास्त दाखवतोय. सहापट."

"सहापट?"

"मी तीनदा चालवलंय."

"तीनदा..." तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्यामुळेच तिला जास्त लागलं. "तुम्ही म्हणताय तर असेल. अहवालात लिहा मग."

तिने लिहिलं. *खोलीत पुरेसा प्रकाश नाही. प्रत्यक्ष मोजणीसाठी वापरलेला मीटर सदोष असावा.* दोन वाक्यं. संध्याकाळी अहवाल मोठ्या बाईंना गेला, मालकाला गेला, त्याच्या कंपनीलाही गेला. पाठवल्यावर तिने तो पुन्हा वाचला, आणि "सदोष" या शब्दावर तिची नजर अडकून राहिली.

बुधवारी त्याचा फोन आला. तिने उचलला नाही. काय बोलायचं? गुरुवारी दोनदा आला. फोन थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

गुरुवारी संध्याकाळी ती ताईकडे गेली. ढब्बू सतरंजीवर उताणा पडून छताकडे बघत एकटाच हसत होता. ताई त्याचे कपडे घडी करत होती.

"झालं ना गं तुझं काम? उद्या शिक्कामोर्तब?"

"ताई... आकडे बरे नाहीत."

ताईचा हात थांबला. "म्हणजे किती?"

"फार कमी."

ताईने झबल्याची घडी पूर्ण केली, वरून हात फिरवला, दुसरं झबलं घेतलं. "तुझं ते यंत्र... थोडंसं इकडेतिकडे नाही होत का गं? खोली तर चांगली उजेडाची दिसते. मी ढब्बूला घेऊन गेले होते, डोळे बारीक करत होता तो."

"असं नसतं ना ताई."

"नसतंच. मी आपलं विचारलं." मग बळेच हसून, "बरं, बस. राजीनाम्याचं पत्र लिहायला मदत कर. तुझं मराठी चांगलं आहे."

घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला. काळ्या चौकटीत ओळ होती. तिने डॅश लिहिलं. ए. व्ही. पुढे शून्याच्या जागी एक छोटासा आकडा घातला, दोन दशांशाचा. एवढासा आकडा, उद्याच्या बैठकीत सुधारित अहवाल म्हणून ठेवायचा, आणि खोली उजळली असती. कुणाला कळलं नसतं. मालक तर "एव्ही म्हणजे काय" हेही विचारणार नव्हता. ताईचा हात झबल्यावरून फिरताना तिला पुन्हा दिसला...

मग दुसरं चित्र आलं. उद्या दोन वर्षांनी त्याच खोलीत एखादी दुसरी आई उभी राहील आणि म्हणेल, इथे दिसत कसं नाही? आणि फरशीवर पालथा पडून, अंगाला धूळ लावून खरा आकडा शोधणाऱ्या माणसाला आपण खोटं ठरवायचं, आणि वर आपणच खोटा उजेड ओतायचा?

तिने एकेक अक्षर खोडलं. लॅपटॉप मिटला. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यांदा उघडून पाहिला नाही.

*

शुक्रवारी अकराला बैठक होती. ती दहालाच पोचली. खोलीत जायचा धीर होईना म्हणून लिफ्टने वर गेली, गच्चीवर उगाच उभी राहिली, आणि जिन्याने उतरायला निघाली. तो जिना आतल्या अंगाचा, खिडकी नसलेला. भर दिवसा तिथे डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं नाही. तिने दाराजवळचं बटण चाचपून दाबलं.

दिवा लागला, आणि लगेच गेला.

तिने पुन्हा दाबलं. लागला, गेला.

"कोण आहे वर?" खालून आवाज आला. ओळखीचा.

"मी आहे. तुम्ही बटणाला हात लावू नका!"

"मी खालून दिवा लावतोय!"

"मी वरून लावतेय!"

"अहो, मग विझणारच ना!" तो हसू लागला. "एकाच दिव्याची दोन बटणं आहेत. दोघांनी दाबलं की काय होणार? तुम्ही लावायचा, मी घालवायचा. एकानेच दाबा की!"

ती बटणावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

दोघांनी दाबलं की विझतो. दोनदा दाबलं की विझतो... दोनदा...

"थांबा," ती म्हणाली. "तिथेच थांबा. हलू नका."

"अंधारात कुठे जाणार?"

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, पायरीवर बसली, लॅपटॉप उघडला. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा निळसर दिसत होता. तो चाचपडत वर आला आणि दोन पायऱ्या खाली उभा राहिला.

"गेल्या आठवड्यात बाईंनी सांगितलं," ती भराभरा बोलत होती, त्याच्याशी की स्वतःशी कोण जाणे. "नेहमीचे पर्याय एका फाइलमध्ये लिहून ठेव, म्हणजे दरवेळी टाइप करायला नको. मी ठेवले. त्यात डॅश आय आहे. हे बघा. आणि तरी... तरी मी ओळीत पुन्हा लिहिलाय. सवयीने. राहून जायला नको म्हणून. दोनदा सांगितलेलं बरं म्हणून!"

"मग? दोनदा सांगितलं तर काय बिघडलं?"

"तो नुसता डॅश आय म्हणजे हे बटण आहे हो! बंद असलं तर चालू, चालू असलं तर बंद. फाइलने लावला, मी विझवला. मी कितीदाही ओळ चालवली तरी दरवेळी फाइल लावणार, मी विझवणार. म्हणून आकडा हलत नव्हता!" तिचा आवाज चिरकला. "एकसष्ट म्हणजे फरशीवर पडणारा प्रकाश नाहीच. फरशीवरून वर बघितलं की छत किती उजळ दिसतं, तो आकडा आहे तो. उताण्या बाळाला दिसतं ते!"

"पडतो आणि दिसतं," तो हळूच म्हणाला.

तिने ओळीतला डॅश आय खोडला. फाइलमधल्या अक्षरापुढे अधिकचं चिन्ह लावलं, म्हणजे कितीदाही दिला तरी तो चालूच राहील. आणि कळ दाबली.

आता थांबायचं होतं. प्रोग्राम किरण सोडत होता, एकेक, हजारो. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. मध्ये चार बोटांची जागा. दोघांचे श्वास त्या बंद जिन्यात स्पष्ट ऐकू येत होते. तिला वाटलं, काहीतरी बोलावं. त्यालाही वाटलं असावं, कारण त्याने एकदा खिशाकडे हात नेला आणि परत आणला.

"समजा हाही आकडा..." ती म्हणाली.

"बघू ना," तो म्हणाला.

पडद्यावर पहिली ओळ उतरली. चारशे दोन.

मग तीनशे पंचाहत्तर. मग तीनशे नव्वद. एकापाठोपाठ बारा. एकही तीनशेच्या खाली नाही. वर्षाचीही आकडेमोड लावली, तीही पास झाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी हसूही.

"अहो, रडताय की हसताय?"

"ठरू दे ना जरा!"

*

बैठकीत ती उभी राहिली तेव्हा मोठ्या बाई, मालक आणि तो, तिघेही तिच्याकडे बघत होते. मालक जाडजूड, घड्याळाकडे सतत बघणारा माणूस. गोदामाच्या कपाटांची मापं त्याने आणलीच होती.

"मंगळवारचा माझा अहवाल चुकीचा आहे," तिने सांगितलं. चूक काय, कशी झाली, कुणाची, सगळं सांगितलं. नवे आकडे मांडले. "मोजणी बरोबर होती. मीटरला मी सदोष म्हटलं, ते वाक्य मी मागे घेते. चूक पूर्णपणे माझी."

मालकाने कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे मंगळवारी एक, शुक्रवारी दुसरं. आणि उद्या तिसरं निघालं तर? विश्वास ठेवायचा कशावर? मीटर चांगला आहे हे तरी कशावरून? तुम्हीच वाईट म्हणाला होतात!"

तिने नव्या आकड्यांचा कागद मालकापुढे सरकवला.

"यावरून," तो मध्येच म्हणाला. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्याने मालकासमोर ठेवला. "तपासणीचं प्रमाणपत्र. प्रयोगशाळेतलं आहे. आतला मीटर बरोबर आहे. मोजणी आणि आकडेमोड एकमेकांना विचारून झालेल्या नाहीत, तरी बारा ठिपक्यांवर जुळतायत. यापेक्षा जास्त काय हवं?"

मालकाने कागद दोन्ही बाजूंनी बघितला. घड्याळ बघितलं. कपाटांच्या मापांचा कागद दुमडून बाजूला ठेवला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण भिंतींवर पोरांनी चित्रं काढली तर रंगाचा खर्च तुमचा."

"चित्रं काढणारच," मोठ्या बाई म्हणाल्या. मग तिच्याकडे वळून, चेहरा कडक ठेवायचा प्रयत्न करत, "आणि तू, दुबार. भर बैठकीत आपली चूक अशी सांगणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. सोमवारी ये, पर्यायांच्या फाइली सगळ्यांच्या तपासायच्या आहेत. तुझ्याकडूनच तपासून घेणार."

तिने बाहेर येऊन ताईला फोन केला. "ताई, पत्र फाड." पलीकडून ताईचं हुंदका दिल्यासारखं हसणं, आणि मग ढब्बूची किंकाळी, कारण आईने त्याला एकदम उचलून घट्ट आवळलं असावं.

*

खोलीत ती परत आली तेव्हा तो फरशीवरच्या खडूच्या खुणा ओल्या फडक्याने पुसत होता. कागद कट्ट्यावर पडला होता. तिने तो उचलला. वाचायचं काही नव्हतं, पण डोळे आपोआप तारखेवर गेले.

"हे बुधवारचं आहे."

"हं."

"बुधवारीच माहीत होतं तुम्हाला? मीटर बरोबर आहे, मी चुकलेय, हे?"

"मीटर बरोबर आहे एवढंच माहीत होतं." तो फडकं पिळत म्हणाला. "मंगळवारी संध्याकाळी मीच नेऊन दिला तपासायला."

"कंपनीने सांगितलं म्हणून?"

"कंपनी नकोच म्हणत होती. म्हणे, आपण का मान खाली घालायची? मीच नेला." तो फरशीकडेच बघत होता. "तुम्ही म्हणालात ना, बिघडलाय. मला वाटलं, तुम्ही म्हणताय तर असेल."

इतकी वर्षं ती स्वतःच्या शब्दावर विश्वास ठेवत नव्हती, आणि या माणसाने तो फोनवर ऐकला आणि उचलून स्वतःचंच यंत्र तपासायला नेलं.

"मग हा कागद सरळ बाईंना का नाही पाठवलात? मला तोंडघशी पाडता आलं असतं. मी तर तुम्हाला पाडलंच होतं."

"आधी तुम्हाला दाखवायचा होता. म्हणून फोन करत होतो. तुम्ही उचलला नाहीत." आता त्याने वर पाहिलं. "आज सकाळी खाली दिसला नाहीत म्हणून हा घेऊन जिन्याने गच्चीवर शोधायला निघालो होतो. पण तुम्ही म्हणालात, थांबा, हलू नका. आणि मग चूक तुमची तुम्हीच शोधायला लागलात... मध्ये कशाला बोलू? इतक्या आनंदाने स्वतःची चूक शोधताना मी कुणाला बघितलं नव्हतं."

"आणि मला सापडली नसती तर?"

"तर अकराच्या आत काढला असता. बाळं फुकट अंधारात घालणार होतो होय?" तो थांबला. फडक्याचं पाणी फरशीवर टपटपत होतं. "मला तुमच्याशी भांडण जिंकायचं नव्हतं. मला... सोमवारी गच्चीवरून तुम्ही आकडे ओरडत होता ना, ते संपले तेव्हा मला वाईट वाटलं होतं. एवढंच सांगायचं होतं. मीटरचं निमित्त."

खिडकीबाहेर ढग सरकले असावेत, कारण भिंत हळूहळू उजळत गेली. तिला आपला चेहरा तापल्यासारखा वाटला. तो ऊन पडल्यामुळे नव्हता, हे तिचं तिला कळत होतं.

त्याने फडकं बादलीत टाकलं, मीटर त्याच्या डबीत ठेवला, डबी पिशवीत. शेवटची खूण पुसली गेली होती. खोली आता खोलीच होती, मोजमाप सगळं संपलेलं.

"चला," तो म्हणाला. पण दाराकडे गेला नाही. "उद्यापासून माझं इथे काही काम नाही."

"मग उद्या," ती म्हणाली, आणि आपण काय बोलतोय याची अजिबात फेरतपासणी न करता पुढचं बोलून टाकलं, "कामाशिवाय या."